एक तास कुणी बोलायचं नाही

(दहावी १९८३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. आपल्या कर्जतमध्ये कुठलाही कार्यक्रम असला की मी व्यासपीठाच्या खाली गुडघ्यावर बसलेला असतो, हातात कॅमेरा घेऊन. वर उभं राहून खाली बघायची ही पहिलीच वेळ. माझ्या वडिलांनी आपला दहावीचा ग्रुप फोटो काढला होता, शाळेच्या पायऱ्यांवर, तिपाईवर यशिका लावून. तो फोटो या स्मरणिकेत छापलाय. त्यात मी डोळे मिटलेले आहेत. फोटोग्राफरच्या पोराचेच डोळे मिटलेले! वडील नंतर वर्षभर म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं झालं असतं तर परत काढला असता."

संयोजक म्हणाले, "तुम्ही सहा जण आफ्रिकेला जाऊन आलात. बऱ्याच जणांना जायचंय. नियोजन कसं केलं ते सांग." ते सांगतोच. पण त्यात माझी एक जुनी गोष्टही येणार आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही आणि सर समोर बसलेत तेव्हाच सांगायची असं ठरवून आलोय.

२०२१ पासून सुरुवात करतो. दुसऱ्या लाटेत आपल्या तुकडीतले दोघे गेले. तेव्हा आपल्याला जमताही आलं नाही. जरा सैल झाल्यावर आम्ही पाच-सहा जण आपल्या शेतकरी मित्राच्या वस्तीवर बसलो होतो. बोलणं निघालं की कुणाचं काय करायचं राहिलंय. कुणी काशी म्हणालं, कुणी मुलीचं लग्न. आपला शेतकरी म्हणाला, "मला एकदा सिंह बघायचाय. पिंजऱ्यातला नाही, मोकळा." सगळे हसले. तो हसला नाही.

तिथेच ठरलं. सप्टेंबर २०२१ पासून दर महिन्याला माणशी आठ हजार, छत्तीस महिने. आम्ही तिला भिशी म्हणायचो, पण चिठ्ठी काढायची नव्हती. बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या मित्राने सगळ्यांची आरडी उघडून दिली. माणशी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, वर व्याज. मित्रांनो, हे नियोजनाचं पहिलं कलम. आधी पैसे साठवा, मग जाहिराती बघा. उलट केलंत तर कर्ज काढाल.

भिशी सुरळीत चालली असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. आपल्या शेतकऱ्याचा कांदा घरात आणि भाव मातीत. जानेवारी ते मे, पाच हप्ते त्याचे थकले. तो बँकवाल्याकडे जाऊन म्हणाला, "माझं नाव काढ. मी टीव्हीवर बघीन सिंह." आम्ही उरलेले किती? पाच. हप्ते किती? पाच. प्रत्येकाने एक भरला. तो ऐकेना, तेव्हा आपली नर्स मैत्रीण त्याला म्हणाली, "दहावीला गणिताच्या पेपरात तू मला तुझा कंपास दिला होतास. त्याचं भाडं समज." त्यानंतर तो काही बोलला नाही. पुढच्या हंगामात त्याने प्रत्येकाच्या घरी दोन-दोन गोण्या कांदा आणून टाकला. आमच्याकडे तो अजून संपलेला नाही.

आता कुठे जायचं? आफ्रिका म्हणजे एक गाव नाही. टांझानियात सेरेंगेटी आहे, केनियात अंबोसेली आहे, तिथे किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्ती दिसतात. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर आहे. जाहिरातीत सात दिवसांत तीन-तीन उद्यानं दाखवतात. मी नकाशा घेऊन बसलो. त्यातले निम्मे दिवस रस्त्यावर जातात. लग्नात एकच फोटोग्राफर एकाच दिवशी तीन कार्यालयं करतो तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. तीनही ठिकाणी अक्षता पडून गेलेल्या असतात. म्हणून एकच जागा ठरवली, मसाई मारा.

मारा हे तसं राष्ट्रीय उद्यान नाही, राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. आपलं रेहेकुरी आहे २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ सातशे रेहेकुरी एकाला एक जोडायची. दक्षिणेला त्याला लागूनच टांझानियाचं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान. मध्ये देशाची सीमा आहे, पण ती माणसांना. लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे गवताच्या मागे फिरतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते माराच्या बाजूला असतात, जानेवारी-फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला विततात. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाला परत येतात, तसंच ते. त्यांनाही तारीख विचारायची नसते.

तारीख आम्हाला मात्र लागत होती. सप्टेंबर ठरवला. पोळ्याला शेतकरी हलणार नाही, गणपतीत कुणीच हलणार नाही. उरला पितृपक्ष. घरोघरी वाद झाले. माझी आई म्हणाली, "पितरांच्या दिवसांत परदेशी कोण जातं?" शेवटी ज्याच्या-त्याच्या घरची तिथी बघून आठ दिवस काढले आणि ज्वारीच्या पेरणीला परत यायचं असं शेतकऱ्याला वचन दिलं. त्यात एक फायदा झाला. घरातून कुणी "मला पण न्या" म्हणालं नाही.

मग आला धक्का. प्रवेश फी. भिशी सुरू केली तेव्हा जी रोजची फी होती, ती आमच्या वेळेपर्यंत दुपटीहून जास्त झाली. २०२४ पासून परदेशी पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. म्हणजे माणशी दिवसाला सोळा-सतरा हजार रुपये, नुसतं फाटकातून आत जायला. बँकवाल्याने कागद मांडला. पाच दिवस परवडत नव्हते. स्वस्तात जायचं तर जूनच्या आत जावं लागणार आणि तेव्हा विल्डबीस्ट तिकडे. आम्ही एक दिवस कापला, जागा आणि महिना तोच ठेवला. तुम्ही जाल तेव्हा चालू फी आधी विचारा. ती बदलत असते.

कागदपत्रांचं आणि औषधांचं खातं नर्सबाईंकडे होतं. व्हिसा आता लागत नाही, पण जाण्याआधी इंटरनेटवर प्रवासाची परवानगी काढावी लागते. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घ्यायची. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं. परत येताना आपल्याच विमानतळावर ते बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठी ओलांडली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नका. मलेरियाच्या गोळ्यांचंही तसंच, शेजाऱ्याने घेतल्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे. हे आम्हाला आदल्या आठवड्यात कळलं. तोवर सहा घरांतून शेंगदाण्याची चटणी, लाडू, दशम्या, चिवडा असं सगळं पिशव्यांत गाठी मारून तयार होतं. शेवटच्या रात्री सगळं स्टीलच्या डब्यांत भरलं. विमानतळावर यंत्रातून आमच्या बॅगा गेल्या तेव्हा तो माणूस बराच वेळ पडद्याकडे बघत होता.

आता कॅमेरा. यात मी तुमचा कमी वेळ घेतो. लांबचं लेन्स लागतं, १००-४०० किंवा १५०-६००. विकत घेऊ नका, पुण्यात भाड्याने मिळतं. दोन बॉडी असतील तर बरं, कारण त्या धुळीत लेन्स बदलायचं म्हणजे पिठाच्या गिरणीत बदलल्यासारखं. तिपाई नेऊ नका, गाडीत उभी राहत नाही. गाडीचं छप्पर वर उचललेलं असतं, त्याच्या काठावर पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायचं. माझ्या शिंप्याने जुन्या जीनच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. रिकाम्याच नेल्या आणि वाटेत नारोक गावच्या दुकानात तांदूळ घेऊन भरल्या. परत येताना तांदूळ तिथल्या स्वयंपाक्याला दिला. लग्नाच्या शूटिंगचं माझं ड्रोन न्यायची फार इच्छा होती. परवानगीशिवाय तिथे चालत नाही. ते घरी राहिलं ते बरंच झालं.

गाडीचं मात्र नीट ऐका. एका गाडीत सहा-सात जण बसवतात, तेव्हा मधल्याला फक्त पुढच्याचं डोकं दिसतं. आम्ही दोन गाड्या घेतल्या, गाडीत तिघे, प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या. खर्च वाढला, खरेदीचे पैसे त्यात घातले. नैरोबीहून लहान विमानाने जाता येतं, पण त्यात माणशी पंधरा किलोच सामान. आम्ही रस्त्याने गेलो, पाच-सहा तास. मुंबई ते नैरोबी विमानाला लागतात तेवढेच.

इथपर्यंतचं नियोजन कुणालाही करता येईल. पुढचं सांगायला मला १९८२ मध्ये जावं लागेल.

आपण नववीत होतो. रेहेकुरीचं अभयारण्य होऊन दोनच वर्षं झाली होती. सरांनी आपली सहल तिकडे नेली. महाबळेश्वर नाही, वेरूळ नाही, इथल्या इथे! आपण सगळे नाराज होतो. सरांनी आपल्याला हिवराच्या आणि बोरीच्या झुडपांच्या कडेला खाली बसवलं आणि म्हणाले, "एक तास कुणी बोलायचं नाही." पहिली वीस मिनिटं चुळबूळ. कुणी खडे मारले, कुणी चिमटे काढले. मग ऊन चढलं आणि सगळे गप्प झाले. पाऊण तासाने गवतातून एक काळवीट आला. पाठ काळी, पोट पांढरं, पिळाची शिंगं. त्याच्यामागे हरिणी, दहा-बारा असतील. आपल्यापासून इथून त्या फाटकाइतक्या अंतरावर ते चरत राहिले. आपण साठ पोरं होतो आणि आवाज फक्त गवत तुटल्याचा येत होता. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. पण ते चित्र मला आजही कुठल्याही फोटोपेक्षा स्वच्छ दिसतं.

आता माझी गोष्ट. साल २००९. पहिला डिजिटल कॅमेरा आणि ७०-३०० लेन्स घेतलं होतं. धंदा बरा चालला होता आणि मला वाटत होतं आपण फार मोठे फोटोग्राफर झालो. काळवीट उडी मारतानाचा फोटो मला हवा होता. दोन रविवार गेलो, मिळाला नाही. ती आपली चरायची आणि निघून जायची. तिसऱ्या रविवारी मी स्टुडिओतल्या पोराला बरोबर नेलं. अभयारण्याच्या बाहेर, शेताच्या कडेला एक कळप होता. मी इकडे बसलो आणि पोराला सांगितलं, "पलीकडून ये आणि टाळ्या वाजव."

लग्नात मी हेच करतो ना! हार नीट पडला नाही की सांगतो, परत एकदा घाला. नवरी हसली नाही की सांगतो, परत एकदा. माणसं करतात. पोराने टाळ्या वाजवल्या. कळप उधळला आणि मला माझी उडी मिळाली. एक हरिणी मात्र गेली नाही. थोडं पळायची, थांबायची, मागे वळून बघायची. मी तिचेही दोन फोटो काढले. मग गवतातून तिचं पाडस उठलं. हरिणी पाडसाला गवतात लपवून ठेवते आणि ते हलत नाही, तेच त्याचं संरक्षण असतं. गोंधळात ते हललं आणि कळपाच्या उलट दिशेला, वस्तीकडे पळालं. तिकडे कुत्री होती. त्यांचं भुंकणं ऐकू आलं. मी बघायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिथला मेंढपाळ स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आला, त्याने सांगितलं. मी केलंय हे त्याला माहीत नव्हतं.

त्या उडीच्या फोटोला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. तो मोठा करून स्टुडिओत लावला होता. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचं कौतुक केलंय. सर, तुम्हीही एकदा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाला होतात, "छान आहे. किती वेळ बसला होतास?" मी म्हणालो, "तीन रविवार, सर." ते खरं होतं आणि खोटंही होतं. नंतर मी तो उतरवला. विचारणाऱ्याला सांगितलं, काच फुटली.

तर माराला जायच्या आधी आम्ही सराव करायचं ठरवलं. तीन रविवार, शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये मागे उभं राहून. एकदा भिगवणला उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांसाठी, दोनदा रेहेकुरीला. इंजिन बंद, बोलणं बंद. दुसऱ्या वेळी परतताना मी या पाच जणांना सगळं सांगायला तोंड उघडलं आणि सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणालो, "आपण तिथे काय काय मागायचं नाही याची एक यादी करू."

त्यांना वाटलं, मी खरेदीबद्दल बोलतोय. मी म्हणालो, आपण एवढे पैसे भरून जाणार. रोजचे सतरा हजार. समोर सिंह असेल आणि गाडी लांब असेल, तेव्हा आपल्या तोंडून निघेल, "दादा, जरा पुढे घ्या." ड्रायव्हर बक्षिशीवर जगतो. तो घेईल पुढे. म्हणजे चूक आपण करायची आणि नाव त्याचं. ते तिथे, त्या क्षणी ठरवता येत नाही. इथे, घरी, चहा पिताना ठरवावं लागतं.

मग वहीच्या एका पानावर लिहिलं. गाडी रस्ता सोडून घालायला सांगायची नाही. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे, तर आपण सहावे व्हायचं नाही. टाळ्या, शिट्ट्या, हाका नाहीत. जनावर आणि त्याची शिकार यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. पिलाला आणि आईला तोडायचं नाही. ड्रायव्हरला बक्षिसी किती द्यायची ते आधीच ठरवायचं आणि पहिल्याच दिवशी सांगायचं, म्हणजे ती जवळ नेण्याशी जोडलेली राहणार नाही. सहा जणांनी सह्या केल्या. हेडमास्तर असलेल्या आपल्या मित्राने शिक्का मारू का म्हणून विचारलं.

मारात पहिल्याच सकाळी शेतकऱ्याला त्याचा सिंह दिसला. एका झुडपाखाली आडवा पडलेला, तोंडावर माश्या. वीस मिनिटांत त्याने एकदा शेपटी हलवली. मी फोटो काढत होतो. शेतकऱ्याने कॅमेरा गळ्यात तसाच ठेवला होता. तो म्हणाला, "आमच्या बैलासारखाच झोपतो की रे." मग पुष्कळ वेळ काही बोलला नाही. त्याचे डोळे भरले होते, हे मी बघितलं आणि त्याचा फोटो काढला नाही.

संध्याकाळी मुक्कामाला एक मसाई रखवालदार होता. "सफारी" म्हणजे त्यांच्या स्वाहिलीत नुसता प्रवास. आपला सफर तोच. चहाला ते चाई म्हणतात, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, चपातीला चपाती. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आपला शेतकरी त्याच्याशी मराठीतच बोलायला लागला आणि दोघांना सगळं कळत होतं. रखवालदाराने विचारलं, तुमच्याकडे सिंह आहेत का? हा म्हणाला, सिंह नाहीत, उसात बिबट्या आहे. शेळी नेतो. त्याने सांगितलं, आमची गाय नेतात. राखीव क्षेत्राच्या कडेच्या जमिनी मसाई कुटुंबांच्या आहेत. पुष्कळांनी त्या जनावरांसाठी भाड्याने दिल्यात आणि त्यांना दरमहा भाडं मिळतं. हा हिशेब शेतकऱ्याने तीनदा समजून घेतला. आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून दाखवलं की बिबटे उसात, वस्त्यांच्या अगदी जवळ राहतात. रात्री शेकोटीपाशी तो म्हणाला, "त्याला सिंहाचं भाडं मिळतं. मला बिबट्याचं काय मिळतं? शेळी गेल्यावर पंचनामा." याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. आज इथे वनखात्यात काम केलेले दोघे बसलेत, त्यांच्यासाठी प्रश्न सोडून देतो.

आता तिसरा दिवस. सकाळी आठची वेळ. वारुळावर एक चित्ता मादी बसली होती, शेजारी दोन मोठी झालेली पिल्लं. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून सगळे फोटोग्राफर त्याच्यामागे असतात. लांबवर हरणांचा कळप. तिथे आधीच पाच गाड्या होत्या. आमच्या ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी पान काढलं नाही, सगळ्यांना पाठ होतं. आम्ही लांब थांबलो, दोनशे मीटरवर. आमच्यामागून आलेल्या गाड्या आम्हाला ओलांडून पुढे गेल्या. मी मोजत होतो. चौदा झाल्या.

बँकवाला म्हणाला, "आपण काय माशा मारायला आलो? सगळे नियम मोडतायत, आपणच का लांब? छत्तीस महिने भरलेत मी." तो चिडला होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मलाही तेच वाटत होतं. मी चाळीस वर्षं फोटोवर पोट भरतोय. समोर चित्ता दबा धरत होता, आणि ६०० च्या लेन्समध्ये मला गाड्यांची टायरं दिसत होती.

ती मादी उतरली, पोट गवताला लावून निघाली. गाड्याही तिच्याबरोबर निघाल्या, दोन्ही बाजूंनी. एक गाडी कळपाच्या बाजूला पुढे जाऊन उभी राहिली, म्हणजे चित्ता समोरून पळत येईल आणि फोटो चांगला मिळेल. कळपाने मान वर केली आणि गेला. मादी उभी राहिली. पळालीच नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग वळली आणि पिल्लांकडे बघितलं.

त्या हरिणीने असंच मागे वळून बघितलं होतं.

मी तिथे, त्या गाडीत, सगळ्यांना २००९ ची गोष्ट सांगितली. बँकवाला ऐकून घेतल्यावर म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर मी चिडलो नसतो." बस, एवढंच.

परत आल्यावर वाचलं. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झालाय. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे मादीच्या एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी होतात. जिथे गाड्यांची गर्दी, तिथे पाच वेतांमागे जेमतेम एक. गाडीखाली सापडून मेली असं नाही. गाड्यांमुळे शिकार हुकते, आई अस्वस्थ राहते, अशा कारणांनी ती जगत नसावीत असं त्यात म्हटलंय. टाळी कुणी वाजवली नाही, तरी टाळीच ती.

सर, आणखी एक. आपल्या रेहेकुरीचा काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतो. नववीत मी तुम्हाला विचारलं होतं, एवढं जोरात कशासाठी? इथे मागे लागायला तर कुत्रीच आहेत. तुम्ही म्हणाला होतात, "पूर्वी त्याच्यामागे चित्ता होता." आपल्या देशातला चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवत. २०२२ मध्ये कुनोला पुन्हा आफ्रिकेतूनच आणले. म्हणजे मी तिसऱ्या दिवशी जे बघत होतो, ते आपल्याच काळविटाच्या शर्यतीतलं दुसरं जनावर होतं. त्याला बघायला इतक्या लांब गेलो आणि जे घराजवळ उरलंय त्याच्या मागे मी टाळ्या वाजवायला पोरगा पाठवला होता.

चार दिवसांत मी सहा हजार फोटो काढले. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट आम्हाला मिळाले नाहीत. दोन दिवस काठावर बसलो, ते पाण्यापर्यंत आले आणि परत गेले. स्टुडिओत मी एकच फोटो मोठा करून लावलाय, त्याच जुन्या खिळ्यावर. त्यात चौदा गाड्या आहेत आणि मधे गवतात एक छोटा पिवळा ठिपका. गिऱ्हाइकं विचारतात, यात काय आहे? बघायला वेळ असेल त्याला सांगतो.

ज्यांना माराला जायचंय त्यांनी जरूर जावं. बँकवाल्याकडे खर्चाचा कागद आहे, नर्सबाईंकडे औषधांची यादी आहे, जीनच्या पिशव्या माझ्याकडे आहेत, भाडं नाही. ते वहीचं पानही आहे, त्याची झेरॉक्स देईन. पण निघायच्या आधी तीन रविवार इथे बसा.

आणि एक विनंती. आमची भिशी बंद झालेली नाही. आता महिन्याला पाचशे रुपये आहे. त्यातून दर वर्षी थंडीत आपल्या शाळेच्या नववीच्या वर्गासाठी रेहेकुरीला एक एसटी करायची असं आम्ही सहा जणांनी ठरवलंय. हेडमास्तर शाळेशी बोललेत. पोरांचे मोबाईल गाडीत ठेवून घेऊ, माझा कॅमेराही गाडीतच राहील. तुमच्यापैकी ज्याला भिशीत यायचं असेल त्याने जेवणाच्या वेळी बँकवाल्याकडे नाव द्यावं.

सर, तुमचे गुडघे दुखतात, खाली बसवणार नाही, हे मला माहीत आहे. खुर्ची मी आणतो. तुम्ही फक्त यायचं आणि पोरांना ते एक वाक्य सांगायचं. पुढचा एक तास आम्ही सगळे बसू.